काकांना फॉरवर्ड थांबवायला कसं सांगू? सिंगापूरहून आलेलं एक पत्र

पत्र : नमस्कार. आम्ही चार वर्षांपूर्वी पुण्याहून सिंगापूरला आलो. नवरा एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरीच्या परवान्यावर आहे, मी आणि मुलगा त्याचं कुटुंब म्हणून डिपेंडंट पासवर. आमच्या भागातल्या मराठी लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपची मी अ‍ॅडमिन आहे. दोनशेच्या वर माणसं आहेत. त्यात एक काका आहेत, इथे पंचवीस वर्षं राहिलेले, सगळ्यांच्या अडीअडचणीला धावणारे. आम्हाला घर त्यांनीच मिळवून दिलं. ते रोज सकाळी भारतातल्या राजकारणाचे आणि एका धर्माविरुद्धचे फॉरवर्ड टाकतात. परवा एका मुलानं लिहिलं, "काका, हे सिंगापूर आहे, पोलीस येतील." झालं, दोन तट पडले. एक म्हणतो, नागपूर खंडपीठाचा निकाल आहे, अ‍ॅडमिन जबाबदार नसतो. दुसरा म्हणतो, इथे खोट्या माहितीविरुद्धचा पोफ्मा कायदा आहे, अ‍ॅडमिनला पाच वर्षं. या गडबडीत रत्नागिरीकडच्या एक कोकणी मुस्लिम ताई काही न बोलता ग्रुप सोडून गेल्या. माझं एक छोटं यूट्यूब चॅनेलही आहे, सिंगापूरच्या रोजच्या जगण्यावर, मराठीत. मध्यंतरी बसमध्ये एका बाईनं मला "सीका, गो बॅक" म्हटलं. सीका ही इथे भारतीयांना देतात ती शिवी. त्यावर मी व्हिडिओ केलाय, पण नवरा म्हणतो टाकू नकोस, पास जाईल. ग्रुप बंद करू का? या देशात तोंड उघडायचंच नाही का? – अ‍ॅडमिन, सिंगापूर

उत्तर :

प्रिय अ‍ॅडमिनताई,

तुमचं पत्र कायद्यानं भरलेलं आहे. खंडपीठ, पोफ्मा, पाच वर्षं, पास. रत्नागिरीकडच्या ताई मात्र एका वाक्यात आल्या आणि गेल्या. मी तिथून सुरुवात करते, कारण या सगळ्यात प्रत्यक्ष नुकसान आतापर्यंत फक्त त्यांचं झालंय. पोलीस आलेले नाहीत, नोटीस आलेली नाही, कुणाचा पास गेलेला नाही. पण मुलाच्या शाळेची जुनी पुस्तकं कुणाकडे आहेत, सुट्टीत मुंबईहून येताना कुणाच्या बॅगेत दोन किलो जागा आहे, हे विचारायची एका बाईची जागा गेली आहे.

त्यांना फोन करा. मेसेज नको, फोन. "परत या" असा आग्रह धरू नका, "काकांच्या मनात तसं काही नसतं" ही वकिली तर मुळीच नको. "ते मेसेज मी वाचत होते आणि काढले नाहीत, ते काढायला हवे होते," एवढं म्हणा आणि पुढे त्या काय बोलतात ते ऐका. त्या काहीच बोलल्या नाहीत तरी चालेल.

आता काका. तुम्हाला त्यांना "पुरे" म्हणायचंय, पण ज्या माणसानं आपल्याला घर मिळवून दिलं त्याला ते कसं म्हणायचं, म्हणून ते काम सिंगापूर सरकारनं करावं अशी तुमची मनातून इच्छा आहे. त्या मुलानंही तेच केलं. "पोलीस येतील" या वाक्याचा परिणाम असा झाला की काका आता अन्याय झालेला माणूस झाले आणि भांडण फॉरवर्डवरून कलमांवर गेलं. शिवाय त्या वाक्यात एक छुपी कबुली आहे : पुण्यात असतो तर हे चाललं असतं. तुम्हाला पुण्यात चाललं असतं का? पत्रावरून तरी मला तसं वाटत नाही.

तेव्हा काकांच्या घरी जा. एकट्या जा, नवऱ्याला आणि दुसऱ्या कुणा मेंबरला घेऊन शिष्टमंडळ नेऊ नका. फॉरवर्ड खरं की खोटं यावर वाद घालू नका. त्यात तुम्ही जिंकलात तरी ते उद्या दुसरं पाठवतील. सांगायचं ते असं : "काका, ग्रुपवर आता एकही फॉरवर्ड नको, कुणाचंच नको. तुम्ही थांबलात तर बाकीचे आपोआप थांबतील." हे खुशामतीसाठी नाही, ते खरंच आहे. अशा ग्रुपात एका वजनदार माणसाचं बघून इतर वीस जण पाठवत असतात. ते म्हणतील, "पण खरं आहे ते!" तुम्ही म्हणा, "असेलही, पण या ग्रुपचं ते काम नाही." कुणी तक्रार केली असं विचारलं तर कुणाचंच नाव घेऊ नका, "मला स्वतःला नको आहे" म्हणा. आणि बसमध्ये तुम्हाला काय ऐकावं लागलं ते त्यांना सांगा. पंचवीस वर्षांत त्यांनीही असलं काही ऐकलं असणारच. सगळ्या जमातीला एका शब्दात कोंबलं की कसं वाटतं, हे त्यांना फॉरवर्डमधून कधी कळणार नाही, तुमच्या तोंडून कळू शकेल.

त्यानंतरही आलं, तर काढून टाका. अ‍ॅडमिनला ग्रुपमधला कुणाचाही मेसेज सर्वांसाठी पुसता येतो. पुसताना खाली टिप्पणी नको. जोडीला आणखी एक अ‍ॅडमिन घ्या, पण तो पोलिसांची धमकी देणारा मुलगा नको. काकू तयार झाल्या तर सोन्याहून पिवळं.

ग्रुप बंद करण्याची गरज मला दिसत नाही. तुमच्याकडे मात्र अर्धवट कायदा फिरतोय आणि त्यानं माणसं उगाच घाबरतात किंवा उगाच निर्धास्त होतात, म्हणून त्याबद्दल जरा विस्तारानं लिहिते.

नागपूर खंडपीठानं 2021 मध्ये म्हटलं ते खरं आहे : सदस्यानं काही आक्षेपार्ह टाकलं म्हणून, त्यात अ‍ॅडमिनचा हात किंवा आधीचा कट नसेल तर, केवळ अ‍ॅडमिन म्हणून त्याच्यावर गुन्हा लावता येत नाही. पण तो भारतातल्या कायद्यावरचा भारतातला निकाल आहे. तुमच्याकडे तो कुणी मानणार नाही. गंमत म्हणजे दोन्हीकडच्या दंडसंहिता एकाच घरातल्या. ब्रिटिशांनी भारतासाठी केलेली दंडसंहिताच एकोणिसाव्या शतकात सिंगापूरकडे नेली, आणि धार्मिक भावना दुखावण्याचं 298 हे कलम दोन्हीकडे त्याच क्रमांकानं होतं. पुढे वाटा वेगळ्या झाल्या. सिंगापूरनं धार्मिक सलोख्यासाठी 1990 मध्ये स्वतंत्र कायदा केला, 2019 मध्ये समाजमाध्यमं डोळ्यासमोर ठेवून तो कडक केला, आणि वांशिक सलोख्याचा वेगळा कायदा फेब्रुवारी 2025 मध्ये संसदेत मंजूर केला.

पोफ्मा हा या सगळ्यातला एकच तुकडा, 2019 चा. ग्रुपात सांगतात तसा तो अ‍ॅडमिनला पाच वर्षं डांबणारा कायदा नाही. पाच वर्षांची कमाल शिक्षा आहे ती खोटं आहे हे माहीत असून, किंवा तसं मानायला कारण असून, सार्वजनिक हिताला धोका होईल अशी माहिती पसरवणाऱ्या व्यक्तीला. रोजच्या वापरात या कायद्याचा चेहरा वेगळाच दिसतो. एखादं विधान वस्तुस्थिती म्हणून केलेलं असेल, ते खोटं असेल आणि हस्तक्षेप सार्वजनिक हिताचा असेल, तर मंत्री दुरुस्तीचा आदेश काढतात, आणि तुमच्या पोस्टच्या जोडीला "यात खोटी माहिती आहे, खरी इथे वाचा" अशी पट्टी लावावी लागते. तुम्ही चांगल्या हेतूनं टाकलं होतं की वाईट, हे त्या आदेशासाठी बघितलंच जात नाही. जानेवारी 2020 मध्ये करोनाच्या धास्तीत "वुडलँड्सचं एमआरटी (मेट्रो) स्टेशन बंद केलंय" असं काही जणांनी फेसबुकवर टाकलं आणि त्यावर असे आदेश निघाले. मे 2021 मध्ये दिल्लीचे तेव्हाचे मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल यांनी "सिंगापूरचा नवा विषाणू मुलांना धोकादायक" अशा अर्थाचं ट्वीट केलं, त्यानंतर सिंगापूरनं फेसबुक आणि ट्विटरला तिथल्या सगळ्या वापरकर्त्यांना दुरुस्ती दाखवायला लावली. तेव्हा तिथे फिरत असलेला विषाणूचा प्रकार भारतात पहिल्यांदा सापडलेला होता. बंद ग्रुपातले मेसेजही या कायद्याच्या कक्षेबाहेर नाहीत, हे मात्र तुमच्या दुसऱ्या तटाचं म्हणणं बरोबर आहे.

मत, टीका, विडंबन यांना पोफ्मा लागू नाही असं सरकार सांगतं. पण वस्तुस्थिती कुठे संपते आणि मत कुठे सुरू होतं हे आधी मंत्रीच ठरवतात. न्यायालयात जाता येतं, ते नंतर. मला हे पटत नाही. ज्याच्यावर टीका व्हायची त्याच्याच हातात खऱ्याखोट्याचा शिक्का देणं धोक्याचं आहे, आणि तिथल्या विरोधी पक्षाच्या पोस्टवरही हा शिक्का बसलेला आहे. आपल्याकडे केंद्र सरकारनं 2023 मध्ये स्वतःबद्दलच्या बातम्या तपासायला असाच एक कक्ष आणायचं ठरवलं, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयानं सप्टेंबर 2024 मध्ये तो नियम रद्द केला. त्याच सुमारास सिंगापुरात पोफ्माला पाच वर्षं पुरी होत होती.

तरीही सिंगापूरचं सरकार निव्वळ टीकेला घाबरतं असं म्हणून हा विषय मिटत नाही. डिसेंबर 1950 मध्ये एका मलय मुस्लिम बाईनं वाढवलेल्या डच मुलीला न्यायालयानं तिच्या जन्मदात्यांकडे द्यायला सांगितलं. मुलीला कॉन्व्हेंटमध्ये ठेवलं, तिथले तिचे फोटो वर्तमानपत्रांनी छापले, आणि दंगलीत 18 माणसं मेली. जुलै 1964 मध्ये पैगंबर जयंतीच्या मिरवणुकीत चिनी आणि मलय यांच्यात दंगल पेटली, त्यात 23 माणसं गेली. 1965 मध्ये स्वतंत्र झालेल्या या देशाच्या राज्यकर्त्यांनी त्यातून एक निष्कर्ष काढला आणि तो आजतागायत सोडलेला नाही : छापलेला शब्द पेटतो. 1974 च्या कायद्यानं वर्तमानपत्रांच्या व्यवस्थापनाचे वेगळे समभाग ठेवले आणि ते कुणाकडे असावेत यावर सरकारची मान्यता आली. ज्यांना हे राज्यकर्ते आवडत नाहीत ते म्हणतात, दंगलींची आठवण सत्तेच्या सोयीसाठी जपली गेली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असायला हरकत नाही.

मग इंटरनेट आलं आणि पंचाईत झाली. नव्वदच्या दशकात याच सरकारला प्रत्येक घरात जलद जोडणी हवी होती, बेटाचा सगळा व्यवहार त्यावर उभा करायचा होता. तार पोचवायची आणि तोंड बांधायचं, हे एकदम कसं जमवायचं? 1996 मध्ये त्यांनी काढलेली युक्ती मला हुशार वाटते, जरा बेरकीही वाटते. वेबसाइटला परवाना लागतो, पण अर्ज करावा लागत नाही. तुम्ही काही प्रसिद्ध केलंत की तुम्ही परवानाधारक, आपोआप, आणि परवान्याच्या अटी तुमच्यावर लागू. सिंगापूरचं राजकारण किंवा धर्म यावर चर्चा चालवणाऱ्यांना नोंदणी करायला सांगता येते. बंद मात्र शंभरेक साइटच केल्या, त्याही बहुतेक अश्लील, आणि स्वतःच सांगितलं की हे प्रतीकात्मक आहे. म्हणजे दार उघडं, फक्त दाराशी कुणीतरी बसलंय याची जाणीव कायम. तुमच्या नवऱ्याच्या आवाजात जी धास्ती आहे ती मूळ याच जाणिवेची.

ती जाणीव अधूनमधून ताजी केली जाते. 2005 मध्ये टॅक्सीत कुत्रा मोकळा नेऊ द्यावा का, असं एका मुस्लिम बाईनं वर्तमानपत्राला पत्र लिहून विचारलं. त्यावरून इंटरनेटवर इस्लामविरोधी मजकूर लिहिणाऱ्या दोघांना राजद्रोहाच्या कायद्याखाली तुरुंग झाला, एकाला एक महिना, दुसऱ्याला एक दिवस. 2015 मध्ये एका साइटनं बातमी दिली की थैपूसमच्या मिरवणुकीत ढोलांवरून झालेल्या झटापटीच्या मुळाशी एका फिलिपिनो कुटुंबाची तक्रार होती. तशी तक्रार झालेलीच नव्हती. साइट बंद झाली आणि ती चालवणाऱ्या जोडप्याला दहा आणि आठ महिन्यांची शिक्षा झाली. तमिळ सण, फिलिपिनो कामगार आणि चिनी बहुसंख्य वाचक असा तो मसाला होता, आणि साइटला त्यावर जाहिरातींचे पैसे मिळत होते. या शिक्षेबद्दल मला फारसं वाईट वाटत नाही.

आता तुमच्यासारख्यांचं. नागरिकाला न्यायालयात भांडायला जागा आहे, पाहुण्यावर बहुधा ती वेळच येत नाही. पास देणं आणि काढून घेणं हे प्रशासनाच्या हातात असतं. 2017 मध्ये भारतातून आलेल्या एका इमामानं ख्रिस्ती आणि ज्यूंविरुद्धची प्रार्थना म्हटली, तिचा व्हिडिओ पसरला, इमामाला 4,000 सिंगापूर डॉलर दंड झाला आणि त्यांना परत पाठवण्यात आलं. डिसेंबर 2019 मध्ये भारतातल्या नागरिकत्व कायद्याच्या दुरुस्तीवरून मरिना बेला फलक धरलेला स्वतःचा फोटो समाजमाध्यमावर टाकणाऱ्या एका भारतीयाची पोलिसांनी चौकशी केली. बाजू कुठली आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. तुमच्या देशाचं भांडण आमच्याकडे आणू नका, एवढंच त्यांचं म्हणणं. तेव्हा नवऱ्याची काळजी काकांच्या फॉरवर्डबाबत अगदी रास्त आहे. मराठीत आहे, कुणाला कळतंय, असं समजू नका. स्क्रीनशॉट निघतो आणि फोनच त्याचं भाषांतर करून देतो.

तुमच्या व्हिडिओबाबत मात्र मी नवऱ्याच्या विरुद्ध मत देणार आहे. तो टाका, पण आहे तसा नाही, थोडा कापून.

"सीका" म्हणजे भारत आणि सिंगापूर यांच्यातला 2005 चा आर्थिक सहकार्य करार. या करारामुळे भारतीयांना नोकऱ्यांसाठी मोकळं रान मिळालं असा समज तिथे घट्ट बसला आहे आणि त्यातून भारतीय चेहऱ्यालाच ती शिवी चिकटली. 2021 च्या मे महिन्यात चोआ चू कांग भागात चालायला निघालेल्या एका भारतीय वंशाच्या बाईंवर हल्ला झाला, जुलैत मंत्र्यांनी संसदेत उभं राहून त्या करारात तसं काही नाही हे सांगितलं. म्हणजे तुमच्या विषयावर तिथलं सरकार आणि तुम्ही बऱ्यापैकी एका बाजूला आहात. तुमच्या अनुभवाबद्दल बोलायला कुठलाही कायदा आडवा येत नाही.

म्हणून अनुभवच सांगा. कुठली बस, किती वाजता, ती बाई काय म्हणाली, तुम्ही काय केलंत, मुलगा बरोबर होता का. बसमधलं कुणी मध्ये बोललं का, हे तुम्ही मला लिहिलेलं नाही. बोललं असेल तर ते व्हिडिओत आलंच पाहिजे, आणि गप्प राहिले असतील तर तेही. तिचं चित्रण केलं असेल तर चेहरा दाखवू नका. छळापासून संरक्षणाच्या कायद्यात कुणाची ओळख उघड करून त्याच्यावर लोक सोडणं हा तिथे गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. "इथले चिनी असेच" हे किंवा याच्या जवळपास जाणारं प्रत्येक वाक्य कापा. किती भारतीयांना किती नोकऱ्या मिळाल्या असले आकडे तुमच्याजवळ अधिकृत नसतील तर तेही कापा. वस्तुस्थिती म्हणून केलेलं आणि चुकीचं ठरू शकेल असं विधान तुमच्या व्हिडिओत बहुधा तेवढंच असेल. उरेल त्याला नवरा कशावर हरकत घेतो ते त्यालाच शेजारी बसवून दाखवा. त्याला सगळा व्हिडिओ नको आहे की दोनच वाक्यं नको आहेत, हे त्यालाही अजून नक्की माहीत नसेल.

चॅनेलला परवाना लागतो का, असं कुणी ना कुणी विचारेलच. बातम्यांच्या साइटना 2013 पासून वेगळा परवाना घ्यायला लावतात, 50,000 सिंगापूर डॉलरच्या हमीसह, पण त्यासाठी सिंगापुरातूनच दर महिन्याला 50,000 वेगवेगळे वाचक आणि आठवड्याला निदान एक स्थानिक बातमी, असं दोन महिने जमवावं लागतं. मराठी चॅनेलनं तेवढे सिंगापुरी प्रेक्षक मिळवले तर मला आधी कळवा, तुमची मुलाखत घेईन.

जे तुम्ही विचारलंच नाही ते शेवटी सांगते, कारण पासाला खरा धोका कदाचित तिथेच असेल. तुम्ही डिपेंडंट पासवर आहात. मे 2021 पासून त्या पासवर काम करायचं तर स्वतःचा वर्क पास लागतो. चॅनेलवर जाहिराती चालू असतील आणि पैसे येत असतील, एखाद्या मसालेवाल्यानं किंवा डबेवालीनं जाहिरातीचे पैसे दिले असतील, तर ते काम धरलं जातं का हे मनुष्यबळ मंत्रालयाला लेखी विचारा. उत्तर येईपर्यंत जाहिराती बंद ठेवा.